दोन मॉनिटर कार्डाला, दोन मदरबोर्डला

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला टेबलावर कितीही स्क्रीन दिले तरी एक कमीच पडतो. एकावर टाइमलाइन, दुसऱ्यावर क्लिपांचे फोल्डर, गिऱ्हाईक येऊन बसलं की त्याला दाखवायला तिसरा, आणि ‘ताई, काकूंनी ओटी भरली तो शॉट राहिला बघा’ असले व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वाचायला चौथा. माझ्याकडे ग्राफिक्स कार्डाला जोडलेले दोन होते. मुख्य मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४० चा. शेजारी २२ इंची जुना फुल एचडी. भिंतीवर टीव्ही होताच, पण त्यावर पेनड्राइव्हने दाखवायचं म्हणजे प्रत्येक बारीकसारीक बदलानंतर पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा कॉपी. शिवाय माळ्यावर एक १९ इंची व्हीजीए मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला. हे चारही एका कॉम्प्युटरवर चालवायचे आणि त्यासाठी नवं कार्ड घ्यायचं नाही, एवढं ठरवलं.

कार्ड माझं एनव्हीडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. २०१९ साली आलेलं, ७५ वॉटमध्ये भागवणारं. आजच्या मानाने साधंच, पण फुल एचडी कामाला अजून पुरतं. त्याला तीन तोंडं आहेत: एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय. कॅबिनेटच्या मागे पाहिलं तर व्हिडिओची तोंडं दोन ठिकाणी दिसतात. वर, यूएसबी आणि लॅनच्या शेजारी असतात ती मदरबोर्डची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीची. खाली आडव्या पट्टीत असतात ती कार्डाची. माझ्या बी६६० बोर्डावर वर एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट आहे, आणि कॉम्प्युटर जोडून दिला त्या दिवसापासून त्या दोन्हींवर रबरी टोपणं होती.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि मित्रांना गेमिंगचे पीसी जोडून देतो. त्याने बेत ऐकला आणि कपाळाला हात लावला. ‘मावशी, मदरबोर्डला केबल लावायचीच नसते. ती टोपणं त्याच्यासाठीच असतात.’ त्याचं खरं आहे, पण ते गेम खेळणाऱ्याचं खरं आहे. महागडं कार्ड घेऊन केबल वरच्या तोंडात खोचली आणि ‘गेम अडकतो’ म्हणून दुकानदाराशी भांडले, असे लोक त्याने पाहिले आहेत. मला गेम खेळायचा नव्हता. मला एका स्क्रीनवर व्हॉट्सअ‍ॅप आणि क्लिपांची यादी हवी होती, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाला दाखवायचा तयार व्हिडिओ.

यूएसबीतून एचडीएमआय काढून देणाऱ्या डब्या मिळतात, तो एक मार्ग होता. त्यात चित्र प्रोसेसरकडून दाबून, लहान करून यूएसबीवरून पाठवलं जातं. हिशेबाच्या तक्त्याला उत्तम, व्हिडिओला नाही. नवं कार्ड घ्यायचं तर जुनं विकण्यापासून पॉवर सप्लाय पुरेल का इथपर्यंत सगळं आलं. मदरबोर्डवरची दोन तोंडं मात्र पैसे देऊन झालेली होती.

पण मागे तोंड आहे म्हणून चित्र येईलच असं नाही. मदरबोर्डवरच्या एचडीएमआयमागे स्वतःची चिप नसते. चित्र काढतो प्रोसेसरच्या आतला ग्राफिक्सचा भाग, बोर्ड फक्त ते बाहेर आणून देतो. म्हणून सगळ्यात आधी फायलीतून बिल काढलं. त्यावर कोअर आय५ १२४०० लिहिलं होतं, आणि आकड्यापुढे एफ नव्हता. इंटेलच्या नावात एफ असला तर आतलं ग्राफिक्स बंद असतं. तो थोडा स्वस्त पडतो आणि कार्ड घेणारच असलं की दुकानात बऱ्याचदा तोच माथी येतो. आमच्याच इमारतीत एक फोटोग्राफर आहेत, त्यांचा १२४०० एफ निघाला. त्यांच्या बोर्डाला मागे दोन तोंडं आहेत आणि दोन्ही मुकी. एएमडीकडे बराच काळ उलटी खूण होती: रायझन ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६०० जी मध्ये आहे. पुढे ७००० मालिकेपासून त्यांनी बहुतेक प्रोसेसरांत छोटंसं ग्राफिक्स घातलं, पण ७५०० एफ सारखे अपवाद तिथेही आहेत. तेव्हा खोक्यावरचं शेवटचं अक्षर वाचावं हे बरं.

माझ्या प्रोसेसरमध्ये यूएचडी ७३० नावाचं ग्राफिक्स आहे. इंटेलच्या माहितीपत्रकाप्रमाणे ते एका वेळी चार डिस्प्ले चालवू शकतं. पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ उघडलं तर तिथे फक्त एनव्हीडियाचं नाव. इंटेलचा पत्ताच नाही. याचं कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये होतं.

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबत राहिलं की बायोस उघडतो, तिथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये जायचं. माझ्या बोर्डावर त्या ओळीचं नाव ‘इंटर्नल ग्राफिक्स’. दुसऱ्या कंपन्या तिलाच ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’ म्हणतात आणि आपापल्या मेन्यूत कुठेतरी खोल दडवतात, त्यामुळे दुसऱ्याचा व्हिडिओ बघून आपल्या बोर्डावर तीच ओळ शोधत बसण्यात वेळ जातो. ती ‘ऑटो’ वर होती. अनेक बोर्डांवर ऑटोचा अर्थ असा, की कार्ड सापडलं तर आतलं ग्राफिक्स झोपवायचं. ते मी ‘एनेबल्ड’ केलं. तिथेच ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ नावाची आणखी एक ओळ असते: सुरुवातीचं चित्र कोणी दाखवायचं. तिथे पीसीआयई स्लॉट, म्हणजे कार्ड, ठेवलं. ते न ठेवता इंटेलला दिलं, तर पुढच्या वेळी बायोस उघडल्यावर तो मुख्य मॉनिटरऐवजी भिंतीवरच्या टीव्हीवर उगवेल, आणि टीव्ही बंद असला तर आपण काळ्या मॉनिटरपुढे बसून डिलीट बडवत राहू. तिसरी ओळ आतल्या ग्राफिक्सला राखून ठेवायच्या मेमरीची. ती ६४ एमबीवर होती, तशीच राहू दिली. लागेल तशी जास्त मेमरी ते रॅममधून चालताचालता घेतं.

मग केबली. आधी तोंडांची वाटणी कागदावर मांडली. टीव्हीला मदरबोर्डचा एचडीएमआय, सरळ साधी केबल. प्रश्न माळ्यावरच्या मॉनिटरचा. त्याला व्हीजीएचं निळं, पंधरा पिनांचं तोंड, १९८७ सालापासून चालत आलेलं. इंटेल, एएमडी आणि काही मॉनिटर कंपन्यांनी मिळून २०१० मध्येच जाहीर केलं होतं, की २०१५ पर्यंत हा प्रकार बंद करू. आपल्याकडे सरकारी शाळांतले प्रोजेक्टर आणि माझ्यासारख्यांचे माळे अजून त्यावर जगतात. कार्डावरचं डीव्हीआय तोंड रिकामं होतं, आणि घरात डीव्हीआयवरून व्हीजीए करणारं एक पांढरं टोक पडलेलं होतं. पण ते बसतच नाही. आडव्या पात्याभोवती चार जादा भोकं असलेल्या डीव्हीआयमधून जुना अ‍ॅनालॉग सिग्नल मिळायचा. एनव्हीडियाने २०१६ च्या दहा मालिकेपासून तो सोडून दिला, तेव्हापासूनच्या कार्डांवरच्या डीव्हीआयला ती चार भोकंच नसतात. मग मदरबोर्डचा डिस्प्लेपोर्ट उरला, आणि त्यातून व्हीजीए काढायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

त्यासाठी पुण्यातली तपकीर गल्ली गाठली. पहिल्या दुकानात ‘दोन्हीकडून चालते मॅडम’ म्हणून एक केबल पुढे केली गेली. असं कोणी म्हटलं की मी पुढच्या दुकानात जाते. या केबलींना दिशा असते. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारी केबल स्वस्तात मिळते, कारण बहुतेक डिस्प्लेपोर्ट स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकतात, केबल फक्त तोंड बदलते. उलट दिशेने, एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे जायचं असेल, तर मध्ये रूपांतर करणारी चिप आणि तिला वीज लागते. दोन्हींची टोकं सारखीच दिसतात. पुढच्या दुकानातल्या काकांनी पिशवी उघडायच्या आधी विचारलं, ‘कुठून कुठे न्यायचंय?’ मी सांगितलं, कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टवरून जुन्या व्हीजीएला. त्यांनी बोटभर लांबीचा कन्व्हर्टर काढला, समोरच्या मॉनिटरवर लावून दाखवला आणि वर सांगितलं, ‘पहिल्यांदा लावलात की मॉनिटरचं ऑटो बटण दाबा, चित्र सरकलेलं येईल.’ घरी तसंच झालं. चित्र डावीकडे सरकलेलं, ऑटो दाबलं, जागेवर आलं.

विंडोज सुरू झाल्यावर टीव्ही आणि माळ्यावरचा मॉनिटर दोघेही काळेच होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक अनोळखी नाव पिवळ्या खुणेसकट दिसत होतं, ते इंटेल. इंटरनेट चालू असल्यामुळे विंडोजनेच ड्रायव्हर, म्हणजे ते ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, शोधला, सगळे स्क्रीन एकदा उघडमीट करून आले आणि चार झाले. ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ खाली आता दोन नावं. नंतर मी इंटेलचा ताजा ड्रायव्हर वेगळा बसवला, कारण टीव्हीच्या रंगांच्या काही सेटिंग त्याच्याबरोबरच्या प्रोग्रॅममधून मिळतात. त्यांची गरज लवकरच पडणार होती.

दोन वेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स एका विंडोजवर गुण्यागोविंदाने नांदतात, हे आज गृहीत धरलं जातं. विंडोज व्हिस्टाच्या नव्या ड्रायव्हर पद्धतीत त्याला मनाई होती. विंडोज ७ ने ती उठवली. भाच्याला व्हिस्टा आठवतही नाही.

डिस्प्ले सेटिंगमध्ये चार चौकोन येतात. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येकावर मोठा आकडा दिसतो. त्या आकड्यांना काही तर्क नाही, माझा मुख्य मॉनिटर त्यात दोन नंबरचा निघाला. चौकोन ओढून टेबलावर जसे मांडलेत तसे लावायचे, नाहीतर कर्सर उजवीकडे नेला की टीव्हीवर जातो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये एकेक निवडला की खाली लिहून येतं, हा कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे. दोन एनव्हीडियाला, दोन इंटेलला.

आता खरं काम. एका लग्नाचा तयार व्हिडिओ प्लेअरमध्ये लावला, मुख्य मॉनिटरवर बघितला, लोण्यासारखा. तीच खिडकी ओढून टीव्हीवर नेली. वरातीत कॅमेरा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरतो त्या ठिकाणी चित्र ठेचकाळायला लागलं. भाचा तिथेच होता. ‘बघ, सांगितलं होतं ना!’

पण हे नेमकं कशामुळे होतंय ते मला समजून घ्यायचं होतं. मुद्दा असा आहे की केबल कुठल्या तोंडात आहे यावरून फक्त दाखवणारा ठरतो. काढणारा कोण, ते वेगळं ठरतं. प्लेअर सुरू झाला मुख्य मॉनिटरवर, त्याची चित्रं तयार करत होतं कार्ड. खिडकी टीव्हीवर नेली तरी काढणारं कार्डच राहिलं, दाखवणारं मात्र इंटेल झालं. म्हणजे प्रत्येक चित्र कार्डाच्या मेमरीतून निघून रॅममध्ये यायचं आणि तिथून इंटेलने ते उचलून टीव्हीला द्यायचं.

ही ने-आण जड पडत असेल का, याचा हिशेब घातला. फुल एचडीचं एक चित्र १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट, म्हणजे साधारण ८.३ एमबी. सेकंदाला ६० चित्रं धरली तर ५०० एमबीच्या आसपास. कार्ड बसलंय त्या पीसीआयई ३.० च्या सोळा लेनांच्या रस्त्याची क्षमता एका दिशेला सेकंदाला १५ जीबीहून जास्त. म्हणजे रस्त्याचा तीनेक टक्के भाग. रस्ता अरुंद आहे हे कारण टिकत नव्हतं.

विंडोज १० च्या २०१८ मधल्या एप्रिल अपडेटपासून डिस्प्लेखालच्या ‘ग्राफिक्स’ पानावर प्रत्येक प्रोग्रॅमला सांगता येतं, तू कोणतं ग्राफिक्स वापर. प्लेअरला तिथे ‘पॉवर सेव्हिंग’ दिलं. डेस्कटॉपवर त्याचा अर्थ इंटेल, आणि नाव तिथे लिहिलेलंही असतं. प्लेअर बंद करून परत उघडला. आता काढणाराही इंटेल, दाखवणाराही इंटेल. अधूनमधून बसणारा मोठा धक्का गेला. पण कॅमेरा फिरताना बारीक थरथर राहिलीच.

तेव्हा लक्ष टीव्हीच्या रिफ्रेश रेटकडे, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो त्याकडे, गेलं, आणि इथे ग्राफिक्स कार्डाचा काही संबंधच नव्हता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून लग्नाच्या हॉलमधले दिवे कॅमेऱ्यात लुकलुकू नयेत यासाठी आम्ही सेकंदाला २५ फ्रेमने शूट करतो. टीव्ही विंडोजने ६० हर्ट्झवर लावला होता. ६० मध्ये २५ पूर्ण बसत नाहीत. एक फ्रेम दोनदा दाखवली जाते, पुढची तीनदा, असं वाकडंतिकडं चालतं. एकसारख्या फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ते डोळ्याला टोचतं. आणि मुख्य मॉनिटरवर का टोचत नव्हतं? तो ७५ हर्ट्झचा आहे. पंचवीस त्रिक पंचाहत्तर, प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा. मॉनिटर घेताना हा विचार कोणी केला होता! टीव्हीला ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ मधून ५० हर्ट्झ दिले. वरात सरळ चालू लागली.

मग उलटतपासणी केली. टीव्ही ५० वरच ठेवला आणि प्लेअर परत कार्डाकडे सोपवला. एरवी फरक कळलाही नसता, इतकं ठीक चाललं. पण मागे एक्स्पोर्ट लावला की कार्ड त्यात गुंतलं आणि टीव्हीवर पुन्हा हिसके दिसू लागले. प्लेअर इंटेलकडे दिला की एक्स्पोर्ट चालू असतानाही टीव्ही स्वस्थ. वधूची आई समोर बसून मुलीची पाठवणी बघते आहे आणि मी दुसऱ्या लग्नाचा एक्स्पोर्ट चालवते आहे, हे दोन्ही एका वेळी जमणं हाच माझ्यासाठी या सगळ्याचा फायदा. टीव्ही इंटेललाच राहिला.

टीव्हीचे आणखी दोन हट्ट पुरवावे लागले. आधी चारही कडा कापल्या जात होत्या, टास्कबार अर्धाच दिसायचा. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलतो, ही जुन्या प्रसारणाच्या काळातली सवय. माझ्या टीव्हीत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं की ती थांबते. काही टीव्हींत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ नावाचं सेटिंग असतं. कडा आल्या, पण नवरदेवाची काळी शेरवानी राखाडी दिसायला लागली. टीव्ही मानून इंटेल १६ ते २३५ एवढ्याच पट्ट्यातले रंग पाठवत होता, आणि पीसी म्हटल्यावर टीव्ही ० ते २५५ ची वाट बघत होता. इंटेलच्या प्रोग्रॅममध्ये ‘क्वांटायझेशन रेंज’ नावाची निवड आहे, ती ‘फुल’ केली. शेरवानी काळी झाली. रंग दुरुस्तीचं काम अर्थातच मी टीव्हीवर करत नाही, पण गिऱ्हाइकाला राखाडी शेरवानी दाखवून ‘अंतिम व्हिडिओत काळी येईल हो’ असं सांगणं बरं नाही.

एक लाभ मी मागितलेलाच नव्हता. हल्ली सोबत काम करणारे कॅमेरामन मिररलेस कॅमेऱ्यावर दहा बिट, ४:२:२ एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) शूट करून आणतात. नेहमीच्या ४:२:० पेक्षा त्यात रंगाची माहिती दुप्पट असते, रंग ओढूनताणून बसवायला सोयीचं. पण माझ्या कार्डातला डीकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग, हे ४:२:२ उघडू शकत नाही. एनव्हीडियाने ती सोय थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली. त्यामुळे अशी क्लिप टाइमलाइनवर टाकली की सगळा भार प्रोसेसरवर पडायचा, पंखा घोंघावायचा आणि मी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या प्रती, बनवत बसायचे. बायोसमधली ती एक ओळ बदलल्यानंतर त्याच क्लिपा सहज पळायला लागल्या. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर दोन जीपीयू, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स, दिसत होते आणि इंटेलच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ चा आलेख वर चढलेला. कमी प्रतीचं म्हणून हिणवलेल्या त्या यूएचडी ७३० ला ४:२:२ एचईव्हीसी उघडता येतं. एडिटिंगच्या प्रीमियर प्रो प्रोग्रॅममध्ये मीडियाच्या प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डीकोडिंगसाठी इंटेल आणि एनव्हीडिया दोन्हींपुढे खूण करता येते. माझ्याकडे आता उघडणं इंटेलकडे, इफेक्ट आणि एक्स्पोर्ट कार्डाकडे.

यासाठी मदरबोर्डला मॉनिटर जोडलेला असावाच लागतो असं नाही, बायोसमधलं सेटिंग पुरतं. पूर्वी लागायचा. इंटेलने २०११ मध्ये सँडी ब्रिज प्रोसेसरांबरोबर क्विक सिंक, म्हणजे आतल्या ग्राफिक्सकडून व्हिडिओ उघडून-दाबून घेण्याची सोय, आणलं, तेव्हा आतल्या ग्राफिक्सला डिस्प्ले जोडलेला नसेल तर ते हाताशीच येत नसे. लोक खोटा मॉनिटर असल्याचं भासवायचे, किंवा ल्युसिड कंपनीचं व्हर्चू नावाचं सॉफ्टवेअर मध्ये घालायचे. पुढे ती अट राहिली नाही. भाच्याच्या ज्या मित्रांकडे एफ नसलेला प्रोसेसर आणि एनव्हीडियाचं कार्ड आहे आणि जे थोडंफार व्हिडिओचं काम करतात, त्यांनी टोपणं काढली नाहीत तरी चालेल, पण ऑटोचं एनेबल्ड करून बघावं.

रॅमबद्दल एक शंका विचारली जाते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधली वापरतं. टास्क मॅनेजरमध्ये माझ्या ३२ जीबी रॅमपैकी जवळजवळ निम्मी ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून दिसते आणि बघणारा घाबरतो. ती फक्त कमाल मर्यादा आहे. दोन स्क्रीन आणि एक प्लेअर यांना त्यातला लहानसा भाग लागतो. आठ जीबीवर काम करणाऱ्याने मात्र विचार करावा.

व्हीजीए मॉनिटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अक्षरं किंचित मऊ दिसतात, रंगावर विश्वास ठेवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, मेल आणि क्लिपांची यादी याच्यासाठी त्याला काही म्हणणं नाही.

सावध राहावं असं एक. काही महिन्यांनी बोर्डाचा बायोस अपडेट केला आणि टीव्ही व व्हीजीए दोन्ही एकदम गेले. अपडेटमध्ये सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात, त्यात ‘इंटर्नल ग्राफिक्स’ पुन्हा ‘ऑटो’ झालं होतं. बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला तरी हेच होईल. केबल, कन्व्हर्टर, ड्रायव्हर यांच्या मागे लागण्याआधी ती ओळ बघायची. बायोसच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय, आणि आमच्या कामात मदत करणाऱ्या मुलीलाही पाठवलाय.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला आणि त्याला टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळायचा होता. गेम कार्डावर चालू झाला, टीव्हीवर दिसला, पण ‘जड लागतोय’ म्हणाला. इथे त्याचं बरोबर होतं. व्हिडिओत एखादं चित्र क्षणभर उशिरा आलं तर कोणाला कळत नाही. गेममध्ये बटण दाबल्यापासून स्क्रीन हलेपर्यंतचा वेळ हाताला कळतो, आणि दोन ग्राफिक्सांमधली ने-आण तिथे भोवते. त्याने उपाय काढला. कार्डाचं डीव्हीआय रिकामंच होतं. डीव्हीआय आणि एचडीएमआयचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा, साध्या केबलने जुळतो आणि फुल एचडीला पुरतो. त्याने माझा २२ इंची मॉनिटर डीव्हीआयवर हलवला, कार्डाचा एचडीएमआय मोकळा केला आणि त्यातून दुसरी केबल टीव्हीच्या दुसऱ्या इनपुटला नेली. रिमोटवर एक नंबर लावला की माझा टीव्ही, दोन नंबर लावला की त्याचा. गेम छान चालला.

तो गेल्यावर माझा कर्सर हरवायला लागला. टीव्ही जे इनपुट दाखवत नसतो त्याच्या केबलवरही ‘मी आहे’ असं कळवत राहतो, त्यामुळे विंडोजच्या लेखी आता पाच स्क्रीन होते, आणि पाचवा दुसऱ्या नंबरच्या इनपुटमागे, न दिसणारा. कर्सर तिथे जायचा. एकदा सेव्ह करण्याची खिडकीच तिथे उघडली, आणि मी मात्र प्रोग्रॅम गोठला असं समजून बसले होते. डिस्प्ले सेटिंगमध्ये तो चौकोन निवडून ‘डिस्कनेक्ट धिस डिस्प्ले’ केलं की तो गणतीतून जातो, आणि हवा तेव्हा परत घेता येतो. आता भाच्याला सांगून ठेवलंय, खेळून झालं की ते करूनच उठायचं. न करता गेला तर मी फोन करते आणि माझा कर्सर कुठे ठेवलास म्हणून त्यालाच विचारते.